जातो म्हणा

कऱ्हाडजवळच्या माझ्या माहेरी घरातून बाहेर पडणारं माणूस 'जातो' म्हणत नाही. दळण आणायला निघालेलं असो की परदेशी, त्याने 'येतो' म्हणायचं आणि घरातल्यांनी 'ये' म्हणायचं. चुकून कुणाच्या तोंडून 'जातो' निघालं, तर माझी आई त्याला उंबऱ्यातून परत आत बोलवायची, घोटभर पाणी द्यायची आणि 'येतो' म्हणवून घेऊनच सोडायची. ही रीत सगळ्या महाराष्ट्रात आहे, हे मला मोठेपणी कळलं. लहानपणी वाटायचं, आमच्या आईनेच काढली असावी.

म्हणून लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाले, सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "येते, आई." त्यावर त्या म्हणाल्या, "जा. नीट जा."

आणि आम्ही जिना उतरायच्या आत त्यांनी दार लावून घेतलं.

स्वारगेटहून एसटी सुटली, कात्रजचा घाट लागला, तरी माझं रडू थांबेना. नवरा शेजारी बसून हसत होता. आई कुणालाच 'ये' म्हणत नाही, त्यात रडण्यासारखं काय आहे, असं त्याचं म्हणणं. कुणालाच म्हणत नाही, हे काय समर्थन झालं? माहेरी पोचल्यावर मी पिशवी खाली ठेवायच्या आधी ही गोष्ट आईला सांगितली. आई म्हणाली, पुण्याची माणसं तशीच. तिचं पुण्याविषयीचं सगळं ज्ञान एका दुकानदारावरून आलेलं होतं. त्याने साडी दाखवण्याआधी तिला विचारलं होतं, घ्यायची आहे की नुसती बघायची आहे. त्या दुकानदाराच्या शेजारी तिने माझ्या सासूबाईंना बसवून टाकलं, आणि मीही काही दिवस त्यांना तिथून उठवलं नाही.

सासूबाई जन्मभर सरकारी रुग्णालयात परिचारिका होत्या. माझं लग्न व्हायच्या थोडंसं आधी निवृत्त झाल्या, त्यामुळे पांढऱ्या साडीत मी त्यांना कधी पाहिलंच नाही. त्यांचं काम मला दिसलं ते घरात, उरलंसुरलं. कुणाच्या कपाळाला हात लावून ताप बघायचा असला, तर त्या आधी दोन्ही तळहात एकमेकांवर चोळून ऊब आणायच्या. चहाचा कप हातात देताना त्यांची बोटं समोरच्याच्या मनगटावर जायची आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. माझ्या आईची नाडी त्यांनी पहिल्याच भेटीत अशी चहाबरोबर पाहून घेतली. आईला वाटलं, विहीणबाई हात धरून प्रेम दाखवतायत. पलंगावरची चादर त्या इतकी ताणून खोचायच्या, की रात्री पाय आत घालायला जोर लावावा लागायचा. आणि बोलण्यात सतत 'आपण'. "आता आपण थोडं उठून बसू या." "आता आपण गोळी घेऊ या." सासरे हयात असताना त्यांनाही त्या 'आता आपण दाढी करून टाकू या' असं म्हणायच्या, हे मला नंतर कळलं.

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत त्यांना नावाने ओळखणारं कुणी नव्हतं. सगळ्यांच्या त्या 'सिस्टर'. कुणाचं इंजेक्शन, कुणाच्या म्हाताऱ्या वडिलांच्या पाठीवरची जखम, कुणाच्या सुनेला बाळाला अंगावर पाजायला जमत नाही, काहीही असलं की आमची बेल वाजायची. त्या ताटावरून उठून जायच्या. मी एकदा म्हटलं, जेवण तरी पुरं करा. त्या म्हणाल्या, "माझं गार झालं तर गरम करता येतं." एवढं बोलून चप्पल घातलीसुद्धा.

घरात बुद्धाची छोटी मूर्ती होती, तिच्यापुढे रविवारी मेणबत्ती लागायची आणि त्या वंदना म्हणायच्या. तेवढं सोडलं तर त्या काही म्हणजे काही मानत नसत. मांजर, अमावास्या, दृष्ट, उचकी, सगळ्याला हसायच्या. मी शनिवारी नखं कापत नव्हते, त्यावरून माझी यथेच्छ थट्टा झाली.

नवऱ्याच्या बोलण्यात मात्र आईच्या कामाविषयी कडवटपणा असायचा. ज्या सिस्टरांची मुलं लहान, त्यांना दिवाळीला घरी राहता यावं म्हणून त्या स्वतः ड्यूटी मागून घेत. त्यात आपलाही मुलगा लहान आहे, हे त्यांच्या लक्षात राहत नसे. त्याची दिवाळी वॉर्डाबाहेरच्या बाकावर चकली खात गेली. मला त्याचं वाईट वाटायचं. पुढे जे झालं ते झालं, पण त्या बाकावरच्या मुलाचं मला आजही वाईट वाटतं.

एका दुपारी आम्ही दोघी मंडईतून भाजी घेऊन रिक्षाने घरी येत होतो. रिक्षावाला आरशातून सारखा मागे बघत होता. मी ओढणी सारखी करून त्याच्याकडे रागाने पाहिलं. त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. डेक्कन मागे पडल्यावर त्याने विचारलं, "सिस्टर ना आपण?" मग काय, घर येईपर्यंत दोघांच्या गप्पा. तरुणपणी त्याच्या पायावरून ट्रक गेला होता आणि बरेच महिने तो त्यांच्या वॉर्डात पडून होता. सोसायटीपाशी उतरल्यावर सासूबाईंनी त्याला चालून दाखवायला लावलं. तो खाकी शर्टातला दणकट माणूस फाटकासमोर इकडून तिकडे चालला, वळला, परत आला. येणारे-जाणारे बघत होते. टाच नीट टेकत नाही, म्हणून त्या त्याला थोडं रागावल्यादेखील.

मग तो रिक्षात बसला आणि म्हणाला, "जातो, सिस्टर."

"हं. जा," त्या म्हणाल्या.

दोघंही हसत होते. इतक्या वर्षांनी भेटलेल्या माणसांनी निरोप घेताना असं बोलावं, आणि वर हसावं, हे माझ्या डोक्यातच शिरेना. भाजी निवडताना मी विचारलंच. त्या म्हणाल्या, माझ्या वॉर्डातून घरी जाणाऱ्याने 'येतो' म्हणायचं नाही, असा नियम होता.

"कुणाचा?"

"माझा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. बरं झालेलं माणूस बोचकं काखेत घेऊन, नातेवाइकांच्या घोळक्यातून वॉर्डाच्या दाराशी यायचं आणि घरच्या सवयीने म्हणायचं, "येतो, सिस्टर." की सासूबाई दारात आडव्या उभ्या. "काय म्हणालात?" माणूस गोंधळायचं. "येतो नाही. जातो म्हणा." ते म्हटल्याशिवाय दारातून हलायच्या नाहीत. पुरुष हसून म्हणून टाकायचे. बायकांना जड जायचं, कारण 'जाते' हा शब्द जिभेवर येऊ द्यायचा नाही, हेच त्या आयुष्यभर शिकलेल्या. एक आजीबाई तर काही केल्या म्हणेनात. बाहेर टांगेवाला ओरडायला लागला. शेवटी 'निघते' या शब्दावर दोघींची तडजोड झाली. हे सांगताना त्या इतक्या हसल्या, की त्यांना गवारीची शेंग खाली ठेवावी लागली.

मी म्हटलं, "तुम्ही तर काही मानत नाही. मग हे काय?"

त्यांनी हातातली शेंग मोडून ताटात टाकली. मग म्हणाल्या, नवीन नवीन नोकरीला लागले होते. बायकांच्या वॉर्डात एक माझ्याच वयाची बाई होती. बरी होऊन घरी निघाली, येते म्हणाली. मी माझ्या आईने शिकवलं होतं तसं म्हटलं, या हं. थोड्याच दिवसांनी ती परत आली, स्ट्रेचरवर. मला बघून हसली. श्वास पुरत नव्हता, तरी म्हणाली, "तुम्ही या म्हणालात ना, आले."

"तिने गंमत केली होती," सासूबाई म्हणाल्या. "मला बरं वाटावं म्हणून. माझा चेहरा पडलेला दिसला असणार तिला."

ती वाचली का, हे मी विचारलं नाही. त्यांनी शेंगा निवडायला पुन्हा सुरुवात केली होती. शब्दाने कुणी आजारी पडत नाही, एवढं मला कळतं, त्या म्हणाल्या, पण तेव्हापासून तोंडातून 'या' निघतच नाही. मी म्हटलं, वॉर्डात ठीक आहे, पण घरी? त्यावर त्यांचं उत्तर असं, की जिभेला वॉर्ड कुठला आणि घर कुठलं ते कळत नाही.

त्या दिवशी माझा राग गेला. आईच्या मनातल्या त्या दुकानदाराशेजारून मी त्यांना उठवलं, आईलाही फोन करून उठवायला लावलं. पण खरं सांगायचं तर मला 'ये' हवं होतंच. कारण समजलं म्हणून हवंसं वाटणं थांबत नाही. दर वेळी बाहेर पडताना मी 'येते' म्हणायचे आणि त्या 'हं, जा' म्हणायच्या, आणि दर वेळी माझ्या मनात काहीतरी जरासं टोचायचं.

पुढे नवऱ्याची बदली बंगळूरला झाली. माझी नोकरी हडपसरला, एका कंपनीच्या हिशेब खात्यात. ती सोडायची नाही असं दोघांचं ठरलं. आधी तो वरचेवर यायचा, मग सणासुदीला, मग फोनवर सणाच्या शुभेच्छा द्यायचा. एके दिवशी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी फोनवर त्याचं बोलणं ऐकलं. तिथे त्याचं दुसऱ्या कुणाबरोबर जमलं होतं आणि तो आता परत येणार नव्हता. मी जागेवर जाऊन बसले आणि राहिलेलं काम पुरं केलं. ते कसं केलं, ते मला आठवत नाही.

सासूबाईंना त्याने स्वतःच कळवलं होतं. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. स्वयंपाक करायच्या, ताट वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत. मला भीती वाटायला लागली. फ्लॅट त्यांच्या नावावर. आम्हाला मूल नव्हतं. मी त्या घरात ज्याच्या नात्याने आले होते, तो माणूसच निघून गेला होता. आता मी त्यांची कोण, हा प्रश्न मला पडला होता आणि त्यांनाही पडला असणार, असं मी धरून चालले होते.

माझा भाऊ न्यायला आला. दांडगा, पण मऊ मनाचा माणूस. चहाला हात न लावता, हळू आवाजात म्हणाला, "चल. हितं आता काय हाय तुझं?" मी सगळं भरलं. थंडीतले कपडे, पदवीची प्रमाणपत्रं, लग्नात मिळालेली भांडी. काही दिवसांसाठी जाणारं माणूस पातेली घेऊन जात नाही, हे त्या दारातल्या सामानाकडे बघून कुणालाही कळलं असतं.

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मी वाकले. त्या क्षणी मला एकच गोष्ट कळत होती. आज त्या 'जा' म्हणाल्या, तर ते नेहमीचं 'जा' असणार नाही. ते ऐकायची माझ्यात हिंमत नव्हती. म्हणून मी आधीच बोलून मोकळी झाले. आयुष्यात पहिल्यांदा मी तो शब्द उच्चारला.

"जाते, आई."

त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. हात कमरेवर. मी हे ऐकलेलं होतं, पाहिलेलं कधी नव्हतं.

"काय म्हणालीस?"

मी भावाकडे पाहिलं.

"बरं झालेल्या माणसाने जाते म्हणायचं. तू अजून बरी झालेली नाहीस. येते म्हण."

भाऊ दोन्ही हातांत बॅगा घेऊन तसाच उभा. त्या हलायला तयार नाहीत. शेवटी कसंबसं 'येते' म्हटलं. तेव्हा त्या दारातून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "ये. आणि ती पातेली ठेवून जा, मला लागतात."

आठवड्याने मी परत आले. दार त्यांनीच उघडलं. माझ्या हातातली बॅग घेताना त्यांची बोटं मनगटावर गेली, नजर घड्याळाकडे. "पळत चढलीस का जिना?" एवढंच म्हणाल्या. त्या विषयावर आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही. बोलायचं काही राहिलं नव्हतं.

त्यानंतर बरीच वर्षं आम्ही दोघीच होतो. भांडलोही भरपूर. मीठ, पंखा, टीव्हीचा आवाज, कारण कुठलंही चालायचं. पण रोज सकाळी मी हडपसरची बस पकडायला निघायचे, 'येते आई' म्हणायचे, आणि आतून आवाज यायचा, "ये." बाकी सगळ्यांना अजून 'जा'च. दूधवाल्याला, शेजारणीला, माझ्या सख्ख्या भावालासुद्धा. मला एकटीला 'ये'. त्याचा मला केवढा गर्व होता, ते सांगायला आता लाज वाटत नाही. आपण बरे झालो आहोत असं मला मधूनमधून वाटायचं, पण ते त्यांना सांगायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. उगाच 'जाते' म्हणायला लावतील.

त्यांनी मला काय दिलं, याचा विचार करते तेव्हा घर आठवतंच, पण त्याहून जास्त आठवतं ते तळहात चोळणं. गेल्या वर्षी त्यांना न्युमोनिया झाला. रुग्णालयात त्यांच्या अंगाला लावायच्या आधी मी माझे हात चोळत होते आणि हे कुठून आलं, ते माझं मलाच कळलं नाही. त्यांनी डोळे उघडून पाहिलं आणि पुन्हा मिटले. चादर मात्र मला शेवटपर्यंत त्यांच्यासारखी खोचता आली नाही. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

तिथे सोलापूरकडची एक तरुण नर्स होती, फार गोड मुलगी. घरी सोडलं त्या दिवशी चाकाच्या खुर्चीतून नेताना ती म्हणाली, "आजी, या हं परत भेटायला." सासूबाईंनी खुर्ची थांबवायला लावली. त्यांना धाप लागत होती, तरी तिला म्हणाल्या, मी जाते म्हणते, तू जा म्हण. पोरगी कासावीस झाली. असं कसं म्हणू आजी, आमच्यात नाही म्हणत. आमच्यातही नाही म्हणत, सासूबाई म्हणाल्या, म्हण. मागे दुसरी खुर्ची येऊन थांबली, लिफ्टचं दार उघडून मिटलं. अखेर तिने डोळे मिटून 'जा' म्हटलं आणि जीभ चावली. सासूबाईंनी तिच्या गालाला हात लावला. घरी येईपर्यंत त्या खुशीत होत्या.

त्यानंतर त्यांनी घरीच काही महिने काढले आणि एका सकाळी त्यांच्या स्वतःच्या, चादर ताणून खोचलेल्या पलंगावर गेल्या. मी जवळ होते. हात त्यांच्या मनगटावर होता, आणि मला घड्याळाकडे बघावंसं वाटलं नाही.

त्यांचा मुलगा आला. रडला, आणि त्याचं रडणं खरं होतं. मी त्याला पाणी दिलं. सोसायटी सगळी लोटली. त्यांच्याबरोबर काम केलेल्या, आता काठी टेकत आलेल्या बायका होत्या. आणि दाराजवळ तो रिक्षावाला होता, केस पिकलेला. मधल्या वर्षांत तो त्यांना दवाखान्यात ने-आण करायचा आणि दर वेळी टाच टेकवून दाखवायचा.

पांढऱ्या साडीत त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या दिवशी. वंदना झाली. उचलायची वेळ झाली तेव्हा माझ्या तोंडात 'या' आलं होतं. त्यांनी मला इतकी वर्षं रोज 'ये' म्हणून दिलेला शब्द. पण त्या आता बऱ्या झाल्या होत्या. मी त्यांच्या कानाशी वाकले.

"जा आई. नीट जा."

माझी मावशी मागेच होती. ती दचकून म्हणाली, "अगं, असं म्हणत्यात व्हय?" मी काही बोलायच्या आत दारातून रिक्षावाल्याचा आवाज आला, "बरोबर म्हणाल्या त्या. सिस्टरांचा नियम आहे." काठीवाल्या बायकांपैकी एकीने मान डोलावली.

संध्याकाळी घर हळूहळू रिकामं झालं. रिक्षावाला सगळ्यात शेवटी उठला. त्याने खुर्च्या भिंतीला लावून दिल्या होत्या, पाण्याची पिंपं भरून ठेवली होती. दारात चपला घालून त्याने हात जोडले.

"जातो, ताई."

"येतो म्हणा," मी म्हटलं.

तो घुटमळला. "सिस्टर रागावतील."

"तो वॉर्डाचा नियम. हे घर आहे."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आतल्या पलंगाकडे. "येतो," तो म्हणाला.

"या," मी म्हटलं, आणि तो जिना उतरून जाईपर्यंत दार उघडं धरून उभी राहिले.